कोबीच्या रोगांतून निघालेला डिंक

सॉसच्या बाटलीवर छापलेली घटकांची यादी सहसा कोणी वाचत नाहीं. वाचलीच, तर टोमॅटो, साखर, मीठ, व्हिनेगर या ओळखीच्या नांवांनंतर ‘स्थिरीकारक ४१५’ असा एक आंकडा पुष्कळदां आढळतो. हा आंकडा ज्या पदार्थाचा आहे त्याला झँथन डिंक म्हणतात. डिंक म्हटला कीं घरांत बाभळीची किंवा धावड्याची आठवण होते आणि पाठोपाठ हिंवाळ्यांतील डिंकाच्या लाडवांची. पण झँथन कोणत्याहि झाडाच्या सालींतून पाझरत नाहीं. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मोहरी या एकाच कुळांतील वनस्पतींच्या शिरांत शिरून त्यांना कुजविणारा एक सूक्ष्म जंतु तो तयार करतो. ज्या बुळबुळीबरोबर शेतकऱ्याचें पीक हातचें जातें, तीच बुळबुळ वाळवून, दळून, पांढुरक्या भुकटीच्या रूपानें जगभरच्या स्वयंपाकघरांत, रुग्णालयांत आणि तेलाच्या विहिरींत वापरली जाते. तिचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. आणि त्यांतील पूर्वार्ध अशा लोकांच्या श्रमांचा आहे कीं, ज्यांना या पदार्थाचा कांहीं उपयोग होईल अशी कल्पनाहि नव्हती.

अमेरिकेंतील केंटकी राज्यांत १८८९ सालीं हॅरिसन गार्मन यांनीं कोबीच्या एका कुजीचें वर्णन केलें. या रोगाची रीत ठराविक असते. प्रथम पानाच्या कडेला पिवळा डाग पडतो. तो इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा असतो आणि त्याचें टोंक पानाच्या मधल्या शिरेकडे सरकत जातें. डागांतील बारीक शिरा काळ्या पडतात. दांडा आडवा कापून पाहिला तर काळ्या ठिपक्यांचें एक कडें दिसतें. पुढें गड्डा वाढत नाहीं, किंवा वाढलेला गड्डा आंतून सडतो आणि शेतांत दुर्गंधी सुटते. महाराष्ट्रांतील भाजीपाल्याचा शेतकरी या रोगाला ‘घाण्या’ म्हणतो. त्या नांवांत रोगाचें शेवटचें लक्षण पुरतें आलेलें आहे.

रोगाचें कारण शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न आयोवा राज्यांतील एम्स येथील शेतकी कॉलेजांत झाला. तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक लुई पॅमेल यांनीं रुटाबागा नांवाच्या, सलगमाच्या जातीच्या कंदावर काम केलें आणि कुजलेल्या भागांतून एक पिवळा जंतु वेगळा काढला. १८९५ सालीं त्यांनीं त्याला ‘बॅसिलस कँपेस्ट्रिस’ म्हणजे ‘शेतांतला’ असें नांव दिलें. याच सुमारास पॅमेल यांच्या हाताखालीं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर पदव्युत्तर शिक्षण घेत होते. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या १९८१ सालच्या चरित्रामुळें मराठी घरांना ते परके राहिलेले नाहींत. भुईमुगाला शंभर उपयोग शोधणारा हा मनुष्य ज्या गुरूजवळ शिकला, त्याच गुरूनें नांव दिलेल्या जंतूला पुढें किती उपयोग निघणार होते, हें गुरूलाहि ठाऊक नव्हतें आणि शिष्यालाहि नव्हतें.

पॅमेल यांचें काम वॉशिंग्टन येथील शेतकी खात्यांतील अर्विन स्मिथ यांनीं पुढें नेलें. १८९७ सालीं त्यांनीं या रोगाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि १८९८ सालीं शेतकऱ्यांसाठीं सोप्या भाषेंत एक पत्रक काढलें. रोगी पानाचा देंठ कापला कीं काळ्या पडलेल्या नळ्यांतून पिवळ्या, चिकट द्रवाचे थेंब बाहेर येतात आणि त्या थेंबांत जंतूंची गर्दी असते, हें त्यांनीं दाखविलें. जंतु झाडांत कोठून शिरतो, हा प्रश्न त्याहून अवघड होता. कोबीच्या पानाच्या कडेला सूक्ष्म जलरंध्रें असतात. मुळांनीं रात्रीं शोषलेलें जास्तीचें पाणी त्यांतून बाहेर येतें आणि पहांटे पानाच्या कडेला थेंबांची रांग लागते. पाहणाराला ते दंवच वाटतें. जंतु याच थेंबांत उतरतो आणि थेंब परत आंत ओढला गेला कीं त्याच्याबरोबर पानाच्या शिरांत जातो. तेथून पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या वाटेनें तो सबंध झाडांत पसरतो. पानावर जखम असण्याचीहि त्याला गरज पडत नाहीं. झाडाचेंच दार उघडें असतें.

ही गोष्ट आज शाळेच्या पुस्तकांत शोभण्यासारखी साधी वाटते. त्या काळीं ती मान्य करून घेण्यासाठीं स्मिथ यांना झगडावें लागलें. माणसांचे व जनावरांचे रोग जंतूंमुळें होतात हें पाश्चर व कॉख यांच्या कार्यानें सिद्ध झालें होतें. पण झाडालाहि जंतु रोगी करतो, हें पुष्कळ युरोपीय पंडितांना पटत नव्हतें. अमेरिकेंतच थॉमस बरिल यांनीं १८८० च्या सुमारास नासपतीच्या झाडांवरील करपा जंतूंमुळें होतो असें सांगितलें होतें. तरी शंका मिटली नव्हती. जर्मनींतील लाइप्झिग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर यांनीं १८९७ सालच्या आपल्या ग्रंथांत ती स्पष्ट शब्दांत मांडली. झाडाची प्रत्येक पेशी कठीण भिंतीनें बंदिस्त असते. जंतूला तींत शिरतां येत नाहीं. कुजलेल्या झाडांत जंतु सांपडतात ते मेलेल्या भागावर मागाहून गोळा झालेले असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा वाद नुसता पंडिती नव्हता. फिशर यांचें म्हणणें खरें असतें, तर शेतकऱ्यानें रोगी रोपें उपटून जाळणें, बियाणें शुद्ध ठेवणें, कोबीच्या जागीं दुसरें पीक घेणें हे सारे उपाय व्यर्थ ठरले असते. स्मिथ यांनीं एका जर्मन नियतकालिकांतूनच त्यांना उत्तर दिलें. त्यांचें उत्तर मुख्यतः प्रयोगांचें होतें. जंतु शुद्ध स्वरूपांत वाढवून निरोगी रोपांना टोंचले; रोग झाला. त्या रोपांतून तोच जंतु पुन्हां काढला. रोगी नळ्यांचे पातळ छेद घेऊन, रंगवून, त्यांत जंतु कोठें आणि कसे भरलेले असतात याचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. १८९९ ते १९०१ या काळांत हा वाद चालला आणि स्मिथ यांची बाजू टिकली. १९०५ ते १९१४ या वर्षांत त्यांनीं वनस्पतींच्या जंतुजन्य रोगांवर तीन मोठे खंड प्रसिद्ध केले.

पिवळ्या बुळबुळीकडे मात्र या सर्व काळांत कोणी निराळें पाहिलें नाहीं. ती जंतु ओळखण्याची एक खूण होती. बटाट्याच्या तुकड्यावर हा जंतु वाढविला कीं पिवळा, ओलसर, चकाकणारा थर येतो, एवढी नोंद शास्त्रज्ञ करीत आणि पुढें जात. १९३९ सालीं केंब्रिजचे वॉल्टर डाउसन यांनीं अशा पिवळ्या जंतूंचा स्वतंत्र गट केला आणि ग्रीक भाषेंतील ‘झँथोस’ म्हणजे पिवळा या शब्दावरून त्या गटाला ‘झँथोमोनस’ नांव दिलें. कोबीचा जंतु त्या दिवसापासून झँथोमोनस कँपेस्ट्रिस झाला. या कुळाच्या अभ्यासांत पुण्याचाहि वांटा आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजांत एम. के. पटेल व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम भारतांतील झाडांवर या गटांतले अनेक जंतु शोधून त्यांचीं वर्णनें केलीं, आणि कोबीच्या काळ्या कुजीवरील त्यांचा निबंध १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. रोगाचें अस्तित्व नोंदविणें, जंतु शुद्ध करणें, त्याला नांव देणें आणि तो नळींत जपून ठेवणें, असें हें काम जगभर चाललें होतें. त्यांतल्या नळींत जपून ठेवण्याच्या कामाला पुढें विशेष महत्त्व आलें.

येथून गोष्ट इलिनॉय राज्यांतील पिओरिया या गांवीं जाते. मंदीच्या काळांत अमेरिकन शेतकऱ्याचें धान्य विकलें जात नव्हतें. म्हणून १९३८ सालच्या एका कायद्यान्वयें, शेतींतील शिलकी मालाला नवे उपयोग शोधण्यासाठीं सरकारनें चार प्रादेशिक प्रयोगशाळा काढल्या. त्यांपैकीं उत्तर विभागाची प्रयोगशाळा मक्याच्या मुलखांत, पिओरियाला होती. तिचें काम १९४० सालीं सुरू झालें. मक्यापासून साखर निघते आणि साखर हें सूक्ष्म जंतूंचें अन्न. तेव्हां मका खपविण्याचा एक मार्ग म्हणजे तो जंतूंकडून दुसऱ्या एखाद्या द्रव्यांत रूपांतरित करून घेणें. १९४१ सालीं इंग्लंडांतून फ्लोरी व हीटली हे पेनिसिलिनची बुरशी घेऊन येथेंच आले आणि मक्याच्या भिजवणीच्या पाण्यांत ती पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक औषध देऊं लागली. १९४३ सालीं पिओरियाच्या बाजारांतील एका नासक्या खरबुजावर मिळालेल्या बुरशीनें ते प्रमाण आणखी वाढविलें. नासलेल्या वस्तूकडे नाक मुरडून न पाहण्याचा धडा त्या प्रयोगशाळेला आरंभींच मिळाला. जंतु व बुरशा यांचा तिचा संग्रह वाढत वाढत पुढें जगांतील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकीं एक झाला. रोगी झाडांतून काढलेले जंतुहि त्यांत क्रमांक लावून ठेवलेले होते.

या प्रयोगशाळेंत १९४१ सालीं डॉ. ॲलीन जीन्स या रसायनशास्त्रज्ञ रुजू झाल्या. त्यांचा जन्म १९०६ सालीं टेक्सास राज्यांतील वेको येथें झाला. वडील रेल्वेंत नोकरीला होते. १९२९ सालीं एम. ए. झाल्यावर त्यांनीं अलाबामांतील एका कॉलेजांत कांहीं वर्षें शिकविलें आणि १९३८ सालीं इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यांचा विषय बहुशर्करा हा होता. अनेक शर्करांचे अणु साखळीसारखे जोडले गेले म्हणजे जें द्रव्य होतें त्याला बहुशर्करा म्हणतात. तांदुळाच्या पेजेंतला मांड, कापसाचा तंतु आणि भेंडी चिरतांना सुरीला धरणारी तार या सर्व बहुशर्कराच होत. जोडणी कशी आहे यावर एकीचें वस्त्र होतें, दुसरीची खळ होते आणि तिसरीची बुळबुळ होते.

जीन्स यांचें पहिलें मोठें यश याच जातीच्या एका नासाडींतून आलें. पेयें भरणाऱ्या एका कारखान्याचें ‘रूट बिअर’ नांवाचें गोड पेय जंतु पडून चिकट झालें होतें. त्याचा नमुना त्यांच्याकडे आला. त्यांत डेक्स्ट्रान नांवाची बहुशर्करा तयार करणारा जंतु होता. महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांना हें द्रव्य दुसऱ्या रूपानें परिचित आहे. तोडलेला ऊस गाळपावांचून पडून राहिला कीं कापलेल्या टोंकांतून हे जंतु आंत शिरतात, साखर खातात आणि रसाला तार आणतात. असा रस गाळावयाला व त्याचे दाणे पाडावयाला त्रास होतो. हेंच डेक्स्ट्रान शुद्ध करून, त्याच्या साखळ्या योग्य लांबीच्या करून शिरेंतून दिलें, तर रक्तस्रावानें खचलेल्या माणसाचा रक्तदाब कांहीं काळ टिकवून धरतां येतो. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं १९४४ च्या सुमारास हें दाखविलें होतें. १९५० सालीं कोरियांत युद्ध पेटलें तेव्हां अमेरिकेला असें द्रव्य मोठ्या प्रमाणावर हवें होतें, आणि पिओरियाच्या कामामुळें तें तयार करतां आलें. १९५३ सालीं शेतकी खात्याचें सर्वोच्च सेवापदक जीन्स यांना मिळालें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

डेक्स्ट्रानच्या यशानंतर प्रश्न उलट बाजूनें विचारला गेला. एखाद्या जंतूची बुळबुळ उपयोगी पडूं शकते, तर संग्रहांतील इतर जंतूंचें काय? जीन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत संग्रहांतील नळ्या पद्धतशीरपणें तपासावयास आरंभ केला. प्रत्येक जंतूला मक्याची साखर द्यावयाची. त्यानें काढलेला चिकट पदार्थ मद्यार्कानें सांकळवून वेगळा करावयाचा. मग तो पाण्यांत विरघळवून, तापवून, त्यांत मीठ घालून, आम्ल घालून त्याचा दाटपणा मोजावयाचा. या तपासणींत ‘बी-१४५९’ क्रमांकाचा जंतु इतरांहून वेगळा दिसला. तो जंतु झँथोमोनस कँपेस्ट्रिस होता. पॅमेल आणि स्मिथ यांनीं ज्याचा शत्रु म्हणून पाठलाग केला, तोच साठ वर्षांनंतर कामगार म्हणून पुढें आला.

त्यानें दिलेल्या साखरेपैकीं निम्म्याहून अधिक भागाचा डिंक केला. हा डिंक गार पाण्यांतहि विरघळे. शंभर भाग पाण्यांत एक भाग घातला तरी दाट खळ होई. मिठानें किंवा आम्लानें, तापविण्यानें किंवा निवविण्यानें ती खळ फारशी पातळ होत नसे. आणि खळींत, पेजेंत किंवा झाडांच्या डिंकांत नेमका हाच दोष असतो. जीन्स, पिट्सली व सेंटी या तिघांनीं १९६१ सालीं हें काम प्रसिद्ध केलें. कॅलिफोर्नियांतील केल्को कंपनी समुद्रांतील शेवाळापासून असाच एक चिकट पदार्थ काढीत असे. तिनें हें काम हातीं घेऊन १९६४ सालापासून झँथनचें मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलें. उंदीर व कुत्रे यांना तो दीर्घ काळ खाऊं घालून झालेल्या परीक्षांनंतर १९६९ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें खाद्यपदार्थांत त्याचा वापर करण्यास परवानगी दिली.

झँथनचा सर्वांत विलक्षण गुण घरांतहि पाहतां येतो. तो घातलेला सॉस बाटलींत स्वस्थ असतो तेव्हां घट्ट असतो आणि त्यांतले मसाल्याचे कण तळाशीं बसत नाहींत. बाटली हालवली कीं तो पातळ होऊन सहज वाहतो. ताटांत पडून स्थिर झाला कीं पुन्हां घट्ट होतो आणि पसरत नाहीं. याचें कारण १९७५ सालीं स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनीं त्याची अंतर्रचना ठरविल्यावर अधिक स्पष्ट झालें. झँथनचा कणा कापसाच्या तंतूसारखाच, ग्लुकोजच्या अणूंचा असतो. पण त्यांतील एक सोडून एक ग्लुकोजला तीन शर्करांची एक छोटी फांदी फुटलेली असते. या फांद्यांमुळें तो पाण्यांत विरघळतो, आणि त्या कण्याभोंवतीं लपेटल्या जाऊन त्याला पीळ व ताठपणा देतात. स्थिर पाण्यांत अशा लांब, ताठ साखळ्या एकमेकींत सैलपणें अडकून जाळें करतात. ढवळलें कीं जाळें सुटतें आणि साखळ्या प्रवाहाच्या दिशेनें आडव्या होतात. ढवळणें थांबलें कीं जाळें क्षणांत पुन्हां विणलें जातें.

या एका गुणानें त्याला दूरदूरचीं दारें उघडलीं. तेलाची विहीर खोदतांना खालीं सोडलेला द्रव गिरमिटाजवळ वेगानें फिरत असतां पातळ राहिला पाहिजे आणि काम थांबलें कीं दगडाचा चुरा धरून ठेवण्याइतका घट्ट झाला पाहिजे. झँथन घातलेला द्रव तसाच वागतो. टूथपेस्ट नळींतून सहज निघते आणि ब्रशावरून ओघळत नाहीं, तेंहि कित्येकदां याच गुणामुळें. गव्हांतील ग्लुटेन ज्यांना सोसत नाहीं त्यांच्यासाठीं तांदुळाच्या किंवा मक्याच्या पिठाचा पाव करतात. त्यांत फुगण्याच्या वेळीं वायु धरून ठेवण्यास झँथन मदत करतो. पक्षाघातानें ज्यांचें गिळणें बिघडलें आहे त्यांना साधें पाणी पाजणें धोक्याचें असतें, कारण पातळ पाणी श्वासनलिकेंत जातें. चिमूटभर झँथननें दाट केलेलें पाणी अशा रुग्णाला सावकाश गिळतां येतें. ज्या घरांत असा वृद्ध माणूस आहे त्या घराला हा उपयोग इतर सर्वांहून मोठा वाटतो.

पण उपयुक्त वस्तु सर्वांना सारखीच मानवते असें नाहीं. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचें दूध दाट करण्यासाठीं झँथनयुक्त द्रव्य वापरलें असतां कांहीं अर्भकांना आंतड्यांचा गंभीर विकार झाल्याचें आढळलें, आणि २०११ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें तशा अर्भकांना तें देऊं नये असा इशारा दिला. पुढच्या वर्षीं तो सर्वच तान्ह्या मुलांपर्यंत वाढविला. मोठ्यांच्या आहारांतील अल्प प्रमाण निर्धोक मानलें जातें; तान्ह्या मुलासाठीं मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून असा पदार्थ वापरणें योग्य नव्हे.

झँथनच्या यशानंतर वनस्पतींत राहणाऱ्या जंतूंचा शोध पद्धतशीरपणें होऊं लागला. केल्को कंपनीच्याच शास्त्रज्ञांना १९७८ सालीं एलोडिया नांवाच्या पाणवनस्पतीच्या अंगांत दुसरा एक जंतु सांपडला. ज्या हायड्रिलाच्या फांद्या काचेच्या नाळक्याखालीं ठेवून शाळेंत प्राणवायूचे बुडबुडे दाखवितात, तिच्याच कुळांतील ही एलोडिया होय. या जंतूच्या बहुशर्करेला जेलन असें नांव मिळालें. झँथन नुसता दाटपणा आणतो. जेलन तापवून निवविल्यावर जेलीसारखें घट्ट व अत्यंत पारदर्शक होतें, आणि समुद्री शेवाळापासून निघणाऱ्या अगरच्या निम्म्याहून कमी प्रमाणांतहि पुरतें. १९९० सालीं अमेरिकेंत खाद्यपदार्थांसाठीं त्याला परवानगी मिळाली. प्रयोगशाळेंत उतीच्या तुकड्यांपासून रोपें वाढवितात तेथें अगरच्या ऐवजीं कित्येक ठिकाणीं जेलनचा थर घालतात. त्यांतून पाहिलें तर रोपाच्या मुळ्या कशा फुटत आहेत हें स्वच्छ दिसतें. एका वनस्पतीच्या अंगांत राहणाऱ्या जंतूचा चिकटा दुसऱ्या वनस्पतींच्या बाळरोपांचें अंथरूण झाला आहे.

या सर्व व्यापाराच्या गडबडींत एक मूळ प्रश्न मागें राहिला होता: कोबीच्या शिरांत बसलेला जंतु एवढा डिंक मुळांत तयार करतो कशासाठीं? साखर फुकट दवडणें कोणत्याहि जीवाला परवडत नाहीं. आधुनिक संशोधनानें याचें बरेंचसें उत्तर दिलें आहे. हा डिंक जंतूला कोरडें पडण्यापासून वांचवितो आणि त्याच्या वसाहतीभोंवतीं ओलावा धरून ठेवतो. याहून महत्त्वाचें काम संरक्षणाचें नसून आक्रमणाचें आहे. परका जीव आंत शिरल्याची चाहूल लागली कीं झाड त्या जागीं पेशींच्या भिंतींवर कॅलोज नांवाच्या द्रव्याचा लेप चढवूं लागतें. झँथन या कामांत अडथळा आणतो. २००६ सालीं अर्जेंटिनांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोहरीच्या कुळांतील एका लहानशा रोपावर हें दाखविलें. डिंक नीट न बनविणारे जंतु रोग करण्यांत दुबळे ठरले. पण रोपाला आधीं शुद्ध झँथन दिला, तर त्या दुबळ्या जंतूंनाहि वाट मिळाली. २००२ सालीं या जंतूची सबंध जनुकमाला ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनीं वाचून काढली होती. तींत डिंक तयार करणारीं १२ जनुकें एका ओळींत लागलेलीं आहेत. कारखान्यांत हीं १२ जनुकें पगारी नोकरासारखीं राबतात. शेतांत तींच चोराच्या हातचीं हत्यारें होतात.

म्हणून या इतिहासाचा शेवट केवळ विजयाचा करतां येत नाहीं. आज झँथनचें बहुतेक उत्पादन चीनमध्यें होतें आणि त्याच्या टाक्यांतून हा जंतु मापून दिलेल्या साखरेवर, २८ ते ३० अंश उष्णतेंत, आज्ञाधारकपणें वाढतो. शेतांतल्या कोबीला मात्र त्याच्यापासून सुटका मिळालेली नाहीं. रोग एकदां झाडांत शिरला कीं त्यावर खात्रीचा इलाज नाहीं. दहा हजार बियांत तीन बिया रोगी असल्या तरी अनुकूल हवेंत सबंध शेत धोक्यांत येऊं शकतें. बियाणें ५० अंश उष्ण पाण्यांत २५ ते ३० मिनिटें बुडवून घेणें, रोगट रोपें उपटून नष्ट करणें आणि त्याच जमिनींत कांहीं वर्षें या कुळांतील पीक न घेणें, हेच उपाय आजहि सांगितले जातात. ते स्मिथ यांच्या काळच्या उपायांपासून फार दूर गेलेले नाहींत. झँथोमोनसच्याच गटांतील दुसऱ्या एका जंतूनें सोलापूर, सांगली, नाशिक या भागांतील डाळिंबाच्या बागांना ‘तेल्या’च्या रूपानें केवढा फटका दिला आहे, हें महाराष्ट्रानें या शतकाच्या आरंभापासून पाहिलें आहे. बाग तोडणाऱ्या शेतकऱ्याला या कुळाचे औद्योगिक गुण सांगून समाधान होणार नाहीं.

तरीहि या दोन बाजूंचा एकमेकींशीं संबंध आहे. जंतूच्या डिंकाचें कारखान्यांत जें बारकाईनें परीक्षण झालें, तो कोणत्या जनुकांच्या हुकुमानें आणि कोणत्या क्रमानें बनतो याचा जो छडा लागला, तोच आज रोगशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतो. डिंक बनूं दिला नाहीं तर जंतु दुबळा होतो, ही वाट त्यांतूनच दिसली आहे. पूर्वीं रोगशास्त्रज्ञांनीं नळींत जपलेल्या जंतूनें उद्योगाला द्रव्य दिलें. आतां उद्योगानें मिळविलेल्या ज्ञानानें शेतीचें तें ऋण फेडावयाचें आहे.

डॉ. जीन्स १९७६ सालीं पिओरियाच्या प्रयोगशाळेंतून निवृत्त झाल्या आणि १९९५ सालीं वारल्या. २०१७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-गौरवमालिकेंत त्यांच्या नांवाचा समावेश झाला. झँथन सांपडण्यास त्यांची चिकाटी जितकी कारण झाली, तितकींच तीं साधीं माणसेंहि कारण झालीं, कीं ज्यांनीं एका रोगी झाडांतून काढलेला पिवळा जंतु, त्याचा कांहीं उपयोग दिसत नसतांहि, दर कांहीं महिन्यांनीं नव्या नळींत उतरवून, त्यावर क्रमांक लिहून, वर्षानुवर्षें जिवंत ठेवला.